लेप घरचा, जबाबदारी वैद्याची

लग्नसराई जवळ आली की आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. तपासणी होते, पुड्या बांधून होतात, पथ्यापथ्य सांगून होते आणि उठता उठता आई विचारते, "डॉक्टर, हिच्या चेहऱ्यासाठी काही तरी घरगुती सांगा ना." आपण लगेच सांगतो. मसुरीचे पीठ, साय, आंबेहळद, मुलतानी माती, कोरफडीचा गर, लिंबाचा रस, मध ही सारी नावे आपल्या जिभेवर असतात. या उत्तरासाठी आपण नाडी पाहत नाही, प्रकृती विचारत नाही, चिठ्ठी लिहीत नाही आणि रुग्णपत्रावर त्याची नोंदही करीत नाही. या सल्ल्याचे शुल्क आपण घेत नाही आणि बहुधा म्हणूनच त्याची जबाबदारीही घेत नाही. वैद्यबंधुभगिनींपुढे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते या न घेतलेल्या जबाबदारीविषयी.

विषय इतरांच्या चुकांचा नाही, आमच्या चुकीचा आहे. म्हणून प्रारंभीच कबुली दिलेली बरी. आम्ही बी.ए.एम.एस. होऊन व्यवसायास प्रारंभ केल्याला आता दोन तपे होत आली. मधल्या काळात काही वर्षे एका स्थानिक वृत्तपत्राच्या पुरवणीत आम्ही घरगुती उपचारांचे सदर लिहीत असू. सदर लोकप्रिय होते. एका उन्हाळ्यात, लग्नाचे मुहूर्त पाहून, आम्ही 'उजळ कांतीसाठी' पाच लेप लिहिले. त्यांत लिंबाचा रस व मध समभाग घेऊन चेहरा, मान व हात यांस लावावे, असा एक लेप होता. लेखाचे कौतुक झाले, चार दूरध्वनी आले आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक आई आपल्या तेवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. लग्न नऊ दिवसांवर आले होते. मुलीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल-तपकिरी पट्टे, मनगटापाशी दोन-तीन फोड आणि मानेच्या डाव्या बाजूने खाली गेलेली एक गडद रेघ होती. चेहरा मात्र जवळजवळ स्वच्छ होता. आम्ही ॲलर्जीचा विचार करून नवीन साबण, नवीन दागिना, मेंदी यांची चौकशी केली. त्यांपैकी काहीच नव्हते. मग आईने पिशवीतून वर्तमानपत्राचे कात्रण काढून टेबलावर ठेवले आणि विचारले, "हे तुमचंच आहे ना?" तिच्या स्वरात राग नव्हता. लेप करताना आपलेच काही चुकले असावे, असे तिला वाटत होते.

तिचे काहीही चुकलेले नव्हते. मुलीने लिहिल्याप्रमाणे सकाळी लेप लावला, ओल्या फडक्याने पुसला आणि दुचाकीवरून पत्रिका वाटण्यास ती बाहेर पडली. चेहऱ्यास रुमाल बांधलेला होता म्हणून चेहरा वाचला. हात उघडे होते आणि मानेवरून रसाचा ओघळ जिथपर्यंत गेला होता तिथपर्यंतच ती रेघ उमटली होती. उन्हात गेल्यावर लगेच काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी लाली आली आणि तिसऱ्या दिवशी फोड. आम्ही सर्व लेप बंद केले, ऊन वर्ज्य केले, फोड न फोडता शतधौत घृत लावण्यास दिले आणि तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. निदान एकच झाले. डाग काही महिने राहतील, हे सांगण्याचे काम आमच्याकडे आले. लग्नात मुलीने लांब बाह्यांचा ब्लाउज घातला. आईने ते कात्रण परत नेले नाही. ते आमच्याकडेच राहिले.

वाग्भटाचा गाळलेला शब्द

त्या रात्री आम्ही अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाविसावा अध्याय पुन्हा काढला. विद्यार्थिदशेत तो पाठ केलेला होता. त्यात मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांची जाडी अनुक्रमे अंगुळाचा चौथा भाग, तिसरा भाग आणि अर्धा भाग अशी आहे. लेप वाळू देऊ नये. वाळलाच तर ओला करून काढावा आणि त्यानंतर त्या जागी स्नेह लावावा, असे विधान आहे. पीनस, अजीर्ण, अरोचक, हनुग्रह असता, नस्य दिलेले असता वा जागरण झालेले असता मुखलेप निषिद्ध आहे. लेप असताना वर्ज्य करावयाच्या गोष्टींत दिवास्वाप, भाषण, अग्नी, शोक व क्रोध यांच्याच पंक्तीत 'आतप' म्हणजे ऊन हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे.

आम्ही सदरात द्रव्ये लिहिली, प्रमाण लिहिले, कृती लिहिली. ऊन तेवढे लिहिले नाही.

त्याच अध्यायात सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे मुखलेप दिलेले आहेत. ग्रीष्मासाठी कुमुद, उत्पल, कल्हार, दूर्वा, यष्टीमधु आणि चंदन अशी शीत द्रव्ये आहेत. ऐन मे महिन्यात आम्ही जे सांगितले ते अम्ल होते. म्हणजे वाग्भटाची आज्ञा आम्ही एका जागी नव्हे, दोन जागी मोडली आणि तरीही लेखाच्या शेवटी 'आयुर्वेदाने सांगितलेले सोपे उपाय' असे छापून आले.

आधुनिक शास्त्राची भाषा याहून वेगळी असली तरी तात्पर्य तेच आहे. कागदी लिंबाच्या, विशेषतः त्याच्या सालीच्या रसात फ्युरोकुमारीन वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे रंग साचतो. ओघळ जाईल तशी रेघ उमटते, ही त्याची ओळखच आहे. खरे तर हे कारण वैद्यास परके असू नये. श्वित्रामध्ये बाकुची देऊन उन्हात बसविण्याची परंपरा आपलीच आहे. चरकाने चिकित्सास्थानात श्वित्राच्या रुग्णास मलपूचा रस गुळासह देऊन यथाशक्ती ऊन घेण्यास सांगितले आहे आणि त्यानंतर उठणाऱ्या फोडांचे काय करावे हेही लिहिले आहे. बाकुचीतील सोरॅलेन हे लिंबातील त्या द्रव्यांच्याच कुळातले. ज्या शास्त्राने द्रव्य आणि ऊन यांचा संयोग ओळखून त्याचे औषध केले, त्याच शास्त्राच्या पदवीधराने तो संयोग पुरवणीच्या वाचकांच्या हाती अजाणता द्यावा, याला काय म्हणावे?

पदार्थ उरले, विधी गेला

आम्ही हा प्रसंग सहव्यवसायी मित्रांस सांगितला तेव्हा काहींनी समजूत घातली की, लिंबू आणि मध तर पिढ्यानपिढ्या घरोघर लावतात, एखादीला त्रास झाला म्हणून परंपरेला दोष देऊ नये. परंपरेला दोष देण्याचे काहीच कारण नाही. ती आपण पुरती पाळत नाही, हेच आमचे म्हणणे आहे.

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आठवून पाहावे. गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, चंदन यांचे उटणे त्या पहाटे लावतात. परंतु त्याआधी घरातील वडीलधारी व्यक्ती सर्वांगास तेल चोळते. आधी स्नेह, मग उद्वर्तन, मग उष्णोदक हा क्रम मोडत नाही. ऋतूही शरद संपून हेमंताकडे जाणारा, म्हणजे त्वचा रुक्ष होऊ लागण्याचा. घासणारा हात अनुभवी असतो. लहान मुलाच्या अंगावरून तो हलका फिरतो आणि शेतात राबलेल्या अंगावर जोराने. आज उटण्याची पाकिटे बारमाही मिळतात. घाईच्या वेळी तेल गळते, पूड कोरड्या अंगावर पाण्याने घासली जाते आणि रोज साबणाऐवजी वापरली जाते. मग वातप्रकृतीच्या, आधीच रुक्ष असलेल्या त्वचेस कंड सुटते आणि रुग्णा आपल्याला म्हणते, "मी तर काहीच केमिकल वापरत नाही."

लेपाच्या जाडीचेही असेच. वर्ण्य लेप अर्धा अंगुळ जाड का, याचा विचार आपण क्वचित करतो. जाड लेप उशिरा वाळतो, बराच वेळ ओला राहतो आणि ओला असेपर्यंतच त्याचा गुण. सुश्रुतानेही आलेपाच्या जाडीस म्हशीच्या ओल्या चामड्याची उपमा दिली आहे आणि आलेप रात्री लावू नये असे बजावले आहे. आजची पद्धत याच्या अगदी उलट आहे. पातळ थर दिला जातो, पंख्याखाली तो कडकडीत वाळू दिला जातो, त्वचा ओढली गेली की 'घट्ट झाली' असे समाधान मानले जाते आणि मग तो खरवडून काढला जातो. कित्येक जणी तो रात्रभर ठेवतात. शार्ङ्गधरानेही ओला लेप रोग हरतो आणि वाळलेला लेप कांती बिघडवतो, असा भेद स्पष्ट केला आहे. आपण मात्र आपल्या सदरांत 'पूर्ण वाळल्यावर धुवावे' असे बिनदिक्कत लिहितो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य आयुर्वेदाचे नव्हे, जाहिरातीचे आहे. जगात औषध नाही असे द्रव्य नाही, हे चरकाचे मत आपण भाषणांत सांगतो. पण योग्य रीतीने योजलेले तीक्ष्ण विषही औषध होते आणि अयोग्य रीतीने योजलेले औषधही तीक्ष्ण विष होते, हा त्याच चरकाचा दुसरा भाग सांगण्याचे विसरतो.

बिब्ब्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पायाच्या भेगांवर बिब्ब्याचे तेल घालण्याची रीत आमच्या भागात आजही आहे आणि त्याने अंग उतून आलेले रुग्ण आजही येतात. परंतु बिब्ब्याची लोकांना भीती आहे. कोणाला तो 'उततो' हे घरातील म्हाताऱ्यांना माहीत असते आणि खोबरेल वा तूप जवळ ठेवूनच त्याला हात लावला जातो. ज्याची भीती आहे त्याचा अपाय मर्यादित राहतो. हळद, बेसन, लिंबू, सोडा यांची भीती कोणालाच नाही आणि म्हणून खरे काम तेथे आहे.

तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचे गोळे अंगावर फिरविण्याची पद्धत आहे. बाळाची त्वचा कोवळी असते. तिच्यावर घर्षणाने सूक्ष्म ओरखडे पडतात, आणि ज्या बाळास आधीच विचर्चिकेची प्रवृत्ती आहे त्याचा त्रास वाढतो. अन्नद्रव्ये तोंडाने पोटात जाणे आणि फाटलेल्या त्वचेतून शरीरात शिरणे, या दोन गोष्टी शरीराच्या लेखी एक नाहीत. जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन असलेला चेहऱ्याचा एक साबण २०११ साली परत घेण्यात आला. तो वापरणाऱ्यांपैकी दोन हजारांहून अधिक जणांना पुढे गहू खाल्ल्यावर ॲलर्जी होऊ लागल्याचे आढळले. गव्हासारखे रोजच्या ताटातले धान्य त्वचेवाटे असे अनर्थकारी होऊ शकते, तर 'खाण्याचेच आहे, लावायला काय हरकत?' या युक्तिवादात किती तथ्य उरते, याचा सुज्ञांनी विचार करावा.

खाण्याचा सोडा चेहऱ्यावर घासण्याचे खूळ अलीकडचे आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल, सामू ५ च्या आसपास असतो. सोड्याच्या द्रावणाचा सामू ८ च्या पुढे, तर लिंबाच्या रसाचा २ ते ३ असतो. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे लावणाऱ्या चेहऱ्यावर काय प्रसंग येत असेल, हे सांगण्यास ग्रंथांची गरज नाही.

हळदीबाबत दोष हळदीचा नाही, बाजाराचा आहे. रंग खुलविण्यासाठी दळलेल्या हळदीत मेटॅनिल यलो वा लेड क्रोमेट यांची भेसळ होते. दुसऱ्यात शिसे असते. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्या रुग्णांना तरी 'हळकुंडे आणा आणि घरी दळा' हे एक वाक्य आपण सांगितलेच पाहिजे.

वर्ण्य म्हणजे गोरे करणारे नव्हे

त्या कात्रणातील सर्वांत मोठी चूक लिंबाची नव्हती, मथळ्याची होती. 'उजळ कांतीसाठी' असे आम्ही लिहिले आणि लिहिताना वर्ण्य या संज्ञेचा आधार घेतला. चरकाच्या वर्ण्य महाकषायात चंदन, पुन्नाग, पद्मक, उशीर, यष्टीमधु, मंजिष्ठा, सारिवा, पयस्या आणि दोन दूर्वा अशी दहा द्रव्ये आहेत. त्यांचे प्रयोजन मनुष्याचा स्वतःचा जो प्रकृतिवर्ण, तो निरोगी व प्रसन्न राखणे हे आहे. इंद्रियस्थानाच्या पहिल्या अध्यायात चरकाने प्रकृतिवर्ण सांगितले आहेत ते कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात. काळा वर्ण तेथे प्रारंभीच आला आहे आणि तो निरोगी वर्ण आहे. पुढेच वैकारिक वर्णांची यादी आहे. त्यात नील, श्याव, ताम्र, हरित यांच्यासह शुक्ल वर्ण आहे. ज्या संहितेने पांढरेपणास विकृतीत बसविले, तिचे नाव घेऊन आपण मुलींना गोरेपणाची आशा विकत आहोत.

२०२० साली 'फेअर अँड लव्हली' या प्रसाधनाने आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो अँड लव्हली' असे नाव घेतले. व्यापाऱ्यास जे उमगले ते वैद्यास उमगू नये, ही शोभणारी गोष्ट नाही. श्यामवर्णी मुलीची आई 'ही जरा उजळेल का?' असे विचारते तेव्हा लेप सांगण्यापूर्वी 'हिचा वर्ण निरोगी आहे' हे वाक्य उच्चारणे, हाही चिकित्सेचाच भाग आहे. मुलगी तेथेच बसलेली असते आणि ऐकत असते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आपण घरगुती उपायांवर अटी घालू लागलो तर लोक सरळ औषधाच्या दुकानात जाऊन मलमे आणतील आणि ते अधिक घातक आहे. हा आक्षेप हलका नाही. गोरेपणाच्या नावाखाली स्टिरॉइडयुक्त मलमे महिनोन्महिने चेहऱ्यास लावून त्वचा पातळ झालेल्या, उन्हात जळजळणाऱ्या रुग्णा आपण सर्वजण पाहतो. अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री होऊ नये म्हणून केंद्र शासनाने २०१८ मध्ये नियम बदलले, तरी ती हातोहात मिळतात. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली पाराश्रित गोरेपणाच्या क्रीमशी संबंधित मूत्रपिंडाचे विकार उघडकीस आले. तेव्हा घरातील मसुरीचे पीठ त्यापेक्षा शतपटीने बरे, यात शंका नाही. परंतु म्हणूनच घरगुती उपाय जपला पाहिजे. एकदा हात भाजलेली ती मुलगी पुन्हा कधी लेप लावील काय? तिची आई, तिच्या मैत्रिणी लावतील काय? अविचाराने सांगितलेला प्रत्येक लेप एकेका घराला त्या मलमांच्या दुकानाकडे ढकलतो. अट घालणारा वैद्य परंपरेचा शत्रू नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पन्नास रुग्ण बाहेर बसलेले असता फुकटच्या सल्ल्यासाठी प्रकृती, ऋतू, जाडी सांगत कोण बसणार? याचे उत्तर इतकेच की, ज्याला वेळ नाही त्याने सल्ला देऊ नये. 'पुढच्या वेळी सांगतो' असे म्हणणे हा वैद्याचा कमीपणा नाही.

करता येण्यासारखे

त्या उन्हाळ्यानंतर आम्ही सदर लिहिणे थांबविले आणि पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी छापून घेतली. कोणताही घरगुती लेप त्या चिठ्ठीवाचून सांगावयाचा नाही, हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. चिठ्ठीवर चारच ओळी आहेत: कोणासाठी, कोणत्या ऋतूत, किती वेळ, काय वर्ज्य. या चार ओळी भरताना आपले आपल्यालाच कळते की, आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय आपण केवळ ऐकून सांगत होतो. पहिल्या वर्षीच आमचे निम्मे लेप आम्ही स्वतः बाद केले. लिंबाचा लेप त्यात पहिला गेला.

जे उरले ते साधे आहे. रुक्ष त्वचेस स्नानापूर्वी तिळाचे वा खोबऱ्याचे तेल. मात्र कफप्रधान, मुरमांच्या चेहऱ्यास तेल वा साय नाही. स्निग्ध त्वचेस आठवड्यातून एकदा मसुरीचे पीठ दुधात वा गुलाबपाण्यात भिजवून जाडसर लेप, तोही ओला असतानाच, न घासता, कोमट पाण्याने काढावयाचा. उन्हाळ्यात उगाळलेले चंदन. कोरफडीचे पान कापून उभे ठेवावे, पिवळा चीक पूर्ण गळून जाऊ द्यावा, मगच गर घ्यावा. कोणतेही नवे द्रव्य चेहऱ्यास लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागी तीन दिवस लावून पाहावे; कंड वा लाली आल्यास सोडून द्यावे. ही परीक्षा उन्हाने होणारा अपाय दाखवीत नाही, हेही सोबत सांगावे. जखम, विचर्चिका, नुकतेच वॅक्सिंग वा थ्रेडिंग झालेली त्वचा यांवर काहीही लावू नये.

आणि एक अत्यंत महत्त्वाचे. फिकट वा तांबूस चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल तर कोणताही लेप सांगू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची बहुविध औषधयोजना शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते आणि लेपाच्या भरवशावर गेलेला प्रत्येक महिना नसांचे नुकसान करतो. 'आधी घरचे करून पाहू' हे वाक्य येथे क्षम्य नाही.

शेवटची सूचना नोंदीविषयी आहे. व्रणरोपणासाठी हळदीच्या उपयोगावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले. त्याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. परंतु तो लढा 'आमच्या घरी नेहमीच लावतात' असे सांगून जिंकलेला नाही. ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवून जिंकलेला आहे. लिहिलेले होते म्हणून सिद्ध करता आले. गुणाची नोंद आपल्या पूर्वजांनी ठेवली. अपायाची नोंद ठेवण्याचे काम आपले आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याची राष्ट्रीय योजना २०१८ पासून सुरू झाली आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे तिचे समन्वयाचे काम आले. औषधाने झालेला त्रास तेथे अवश्य कळवावा. घरच्या स्वयंपाकघरातील लेपाने झालेला त्रास मात्र कोणत्याच रकान्यात सहज बसत नाही आणि तो विसरला जातो. आपल्या त्रैमासिकाने त्यासाठी एक पान राखून ठेवावे, अशी आमची संपादक मंडळास विनंती आहे. रुग्णाचे नाव नको. द्रव्य, ऋतू, प्रकृती, काय झाले आणि कशाने बरे झाले एवढे पुरे. पहिली नोंद म्हणून लिंबू व मधाची ही हकिकत आम्ही याच लेखाने दाखल करीत आहोत.

आमच्या मताशी सर्वजण सहमत होतील अशी अपेक्षा नाही. ज्यांना अटींचे हे अवडंबर वाटेल त्यांनी याच पानांतून आम्हांस उत्तर द्यावे, आम्ही ते आदराने वाचू. तोवर एवढेच सुचवावेसे वाटते की, यंदाच्या लग्नसराईत एखादी आई 'काही तरी घरगुती सांगा ना' असे म्हणेल तेव्हा तिला पुन्हा खुर्चीवर बसवावे, मुलीचा हात हाती घेऊन त्वचा पाहावी आणि द्रव्याचे नाव सांगण्याआधी ही मुलगी उन्हात किती हिंडते, ते विचारावे.